पहिल्या वलयापाशी: लहान दुर्बिणीतून जवळचे जोडतारे

८० मिमी व्यासाची आणि ९०० मिमी नाभीय अंतराची साधी भिंगांची दुर्बीण, २५, १० आणि ८ मिमीच्या तीन नेत्रिका (डोळा लावायची भिंगं) आणि एक दुप्पट बार्लो, म्हणजे नेत्रिकेचं वर्धन दुप्पट करणारं जोडभिंग. खालचं सगळं एवढ्याच सामानावर केलेल्या निरीक्षणांतून आलं आहे. दुसऱ्या व्यासाची दुर्बीण असेल तर आकडे बदलतील, रीत बदलणार नाही.

जोडतारे म्हणजे नुसत्या डोळ्यांना एकच वाटणारे, पण दुर्बिणीतून दोन दिसणारे तारे. त्यांतले 'जवळचे' म्हणजे ज्यांच्यातलं अंतर साधारण ५ विकलांहून कमी आहे असे तारे. विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग, आर्कसेकंद. सप्तर्षींतला वसिष्ठ (१४ विकला) किंवा हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ (सुमारे ३५ विकला) २५ मिमीच्या नेत्रिकेतून, म्हणजे ३६ पटीला, आरामात सुटे दिसतात. त्यांच्यासाठी तयारी लागत नाही. तयारी लागते ती ३ विकलांच्या खाली उतरल्यावर.

दुर्बिणीची फोडण्याची, म्हणजे चिकटलेले दोन तारे वेगळे दाखवण्याची, क्षमता सांगताना दोन सूत्रं नेहमी दिली जातात. विल्यम रटर डॉज या इंग्रज निरीक्षकाने १८६७ मध्ये मांडलेली मर्यादा म्हणजे ११६ भागिले मिमीमधला व्यास. रॅलेची मर्यादा १३८ भागिले व्यास. ८० मिमीसाठी उत्तरं येतात १.४५ आणि १.७३ विकला. रॅलेच्या अंतरावर दोन समान ताऱ्यांच्या मध्ये उजेड सुमारे २६ टक्क्यांनी खाली येतो. डॉजच्या अंतरावर ही घट जेमतेम जाणवण्याइतकी असते, आणि तीही तारे सारख्याच तेजाचे, फार उजळ नाहीत, फार मंद नाहीत, असं असेल तरच.

मला मात्र या दोन्हींपेक्षा तिसरा आकडा जास्त कामाचा वाटतो. तो म्हणजे पहिल्या उजळ वलयाची त्रिज्या. चांगल्या दुर्बिणीत भरपूर वर्धनाला तारा बिंदू दिसत नाही. एक छोटी गोल चकती दिसते आणि तिच्याभोवती बारीक वलयं. हा प्रकाशाच्या विवर्तनाचा परिणाम. जॉर्ज एअरीने १८३५ मध्ये त्याचं गणित मांडलं. एकूण प्रकाशापैकी ८४ टक्के मधल्या चकतीत असतो, ७ टक्के पहिल्या वलयात, उरलेला पुढच्या वलयांत विखुरलेला. हे पहिलं वलय ताऱ्यापासून १८५ भागिले व्यास इतक्या विकलांवर असतं: ६० मिमीला ३.१, ८० मिमीला २.३, १०० मिमीला १.८५, १५० मिमीला १.२. आपल्या दुर्बिणीचा हा आकडा पाठ असावा. हवा शांत आहे का, नळी थंड झाली का, भिंग सरळ आहे का, हे सगळं हे वलयच सांगतं. सहचर, म्हणजे जोडीतला मंद तारा, लपतो तो याच्याच आड, आणि तो दिसला तर त्याचं अंतर मोजायची पट्टीही हीच.

आधी हवा. डोळ्यांना तारे जोरात लुकलुकताना दिसत असतील तर त्या रात्री जवळच्या जोड्यांचा नाद सोडावा. आकाश अगदी काळंभोर, स्वच्छ आणि वारा सुटलेला, ही रात्र तेजोमेघांची. जोडताऱ्यांना ती क्वचितच मानवते. उलट हलकं धुकट, वारा पडलेलं, जरा कंटाळवाणं आकाश यासाठी उत्तम. चांदण्याची किंवा शहरी उजेडाची अडचण नाही, कारण पाहायचे तारे बहुतेक सहाव्या प्रतीच्या आतले (प्रत म्हणजे तेजाचा आकडा; तो जितका लहान तितका तारा उजळ). डोळे पूर्ण अंधाराला सरावलेले नसले तर उलट बरंच. उजळ ताऱ्याची झळाळी कमी त्रास देते.

लहान व्यासाचा एक फायदा इथे कामी येतो. वातावरणातले गरम-गार हवेचे गोळे साधारण १० सेमी आणि त्याहून मोठे असतात. मोठ्या आरशासमोर असे अनेक गोळे एकाच वेळी येतात, त्यामुळे तारा फुगून कापसासारखा होतो. ८० मिमीच्या भिंगासमोर बहुतेक वेळा एकच असतो. तारा हलतो, नाचतो, पण त्याची चकती टिकते. डोळा त्या नाचण्याबरोबर जाऊ शकतो.

उंची महत्त्वाची. तारा क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर प्रकाश डोक्यावरच्या मानाने दुप्पट हवेतून येतो. शिवाय हवा लोलकासारखं काम करते. ४५ अंशांवर निळा आणि लाल टोकाचा प्रकाश एकमेकांपासून सुमारे १ विकला उभा ताणला जातो, ३० अंशांवर पावणेदोन पट. दोन विकलांची जोडी फोडायची आणि ताराच उभ्या दिशेत विकलाभर लांबट, असा हा घोळ. म्हणून तारा मध्यमंडलाजवळ, म्हणजे त्याच्या सर्वांत उंच जागी, येईपर्यंत थांबायचं. छपरावरून, काँक्रीटच्या गच्चीवरून किंवा धुराड्यावरून बघायचं नाही. दिवसभर तापलेली कौलं मध्यरात्रीपर्यंत हवा उकळत ठेवतात.

मग नळीतली हवा. ८० मिमीची दुर्बीण घरातून बाहेर काढल्यावर २० ते ३० मिनिटं तिला सोडून द्यावी. १५० मिमीच्या आरशाच्या दुर्बिणीला पाऊण ते एक तास लागतो, बंद नळीच्या मॅक्सुतोव्ह दुर्बिणीला त्याहून जास्त. थंड झाली की नाही हे घड्याळावर ठरवू नये. एक उजळ तारा घ्यायचा, नेत्रिका किंचित बाहेर ओढून तो पसरवायचा आणि पसरलेल्या गोलात पाहायचं. एका बाजूने पिसासारखी धार वर जात असेल तर नळीत अजून ऊब आहे. ती धार नेहमी वरच्याच बाजूला राहते. नळी तिच्या अक्षाभोवती फिरवली तरी जागा सोडत नाही. भिंगाचा दोष असेल तर तो नळीबरोबर फिरतो. ही साधी खूण लक्षात ठेवली तर चांगलं भिंग उगाच उघडलं जाणार नाही. हातातून, श्वासातून निघणारी ऊबही नळीसमोर आली की असंच दिसतं.

भिंगाची तपासणी त्याच पसरलेल्या ताऱ्यावर होते. आतली वर्तुळं एकाच मध्याभोवती हवीत. ती एका बाजूला सरकलेली असतील तर भिंग तिरकं आहे, आणि फोकसमध्ये आणल्यावर पहिलं वलय एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला गायब दिसेल. असं जाड झालेलं वलय सहचरासारखं दिसतं, म्हणून हा दोष सर्वांत धोकादायक. तारा तिकोनी दिसत असेल तर भिंग त्याच्या चौकटीत आवळलं गेलं आहे. थंडीत धातू आकसतो आणि एरवी बरी असलेली दुर्बीण पहाटे त्रिकोण दाखवू लागते. अशा वेळी भिंग धरणारं रिंगण जरा सैल करायचं: नळी हळूच हलवली तर भिंगाचा अगदी बारीक खुळखुळ जाणवेल इतकंच.

डायगोनलकडे, म्हणजे नेत्रिकेआधी प्रकाश वळवणाऱ्या प्रिझमकडे किंवा आरशाकडे, कुणी पाहत नाही, आणि अर्धे अनर्थ तिथेच घडतात. लहान दुर्बिणींबरोबर बहुतेक वेळा ४५ अंशांचा, प्रतिमा सरळ करणारा प्रिझम येतो. जमिनीवरच्या दृश्यांसाठी तो ठीक. पण त्याच्या आतल्या छपरासारख्या कडेमुळे प्रत्येक उजळ ताऱ्यातून एक प्रकाशाची रेघ जाते. जवळची जोडी त्यातून फुटत नाही. तो काढून ठेवावा आणि ९० अंशांचा चांगला आरशाचा डायगोनल वापरावा. अटीतटीची जोडी असेल तर तोही काढून सरळ नळीतून पाहावं. मान दुखते, पण प्रतिमा सुधारते. बार्लो डायगोनलच्या आधी लावला तर तो दुप्पट राहत नाही, तिप्पटीच्या आसपास जातो, हेही हिशेब करताना ध्यानात हवं.

वर्धनाचं बोलू. नियम म्हणून व्यासाच्या मिमीच्या दुप्पट हे जवळच्या जोड्यांसाठी सुरुवातीचं वर्धन. ८० मिमीला १६०. माझ्याकडे १० मिमीची नेत्रिका आणि बार्लो मिळून १८० होतं. डोळ्याला दोन गोष्टी वेगळ्या कळायला त्यांच्यात निदान ३-४ कलांचं (कला म्हणजे ६० विकला) भासमान अंतर हवं. दीड विकलेची जोडी १८० पटीला साडेचार कला दिसते, म्हणून इथे १०० पटीवर अडून चालत नाही. दोन्ही तारे सारखे आणि उजळ असतील, हवा खरोखर शांत असेल, तर ८ मिमी आणि बार्लोने २२५ पटीपर्यंत जातो. त्यापुढे नवं काही दिसत नाही. नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेची रुंदी ०.४ मिमीच्या खाली गेली की डोळ्यातल्या तरंगत्या जाळ्या आणि ठिपकेच आधी दिसू लागतात. पापणीचा तेलकट डाग नेत्रिकेवर बसला असेल तर या टप्प्यावर तो उजळ ताऱ्याभोवती धुरकट झळाळी देतो. निरीक्षणाआधी नेत्रिकेचं वरचं भिंग पुसून घ्यायची सवय लावावी. भिंगावर दव धरलं तरी तशीच झळाळी येते.

१८० पटीला ५० अंशी नेत्रिकेत दिसणारं आकाश जेमतेम १७ कला रुंद असतं. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा ते ६७ सेकंदांत ओलांडतो. ताऱ्यामागे नळी फिरवणारी मोटर नसेल तर तारा पूर्वेच्या कडेला आणून सोडायचा, हात काढायचा, आणि तो मध्यातून जाताना बघायचं. नळीवर टिचकी मारून किती वेळात थरथर थांबते ते मोजावं. ३ सेकंदांपेक्षा जास्त लागत असेल तर तिपाईचे पाय पूर्ण आत घ्यावेत, मधे वजन टांगावं, आणि खुर्चीवर बसून बघावं. उभ्याने पाहणाऱ्याचं डोकं हलतं आणि दोष मात्र दुर्बिणीला दिला जातो.

फोकससाठी एक जुनी युक्ती: फोकसच्या गोल बटणाला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावायचा. त्याच्या लांब टोकाला बोटाने ढकललं की बटण केसभर फिरतं आणि थरथरही कमी होते. फोकस नेहमी एकाच दिशेने, नळीतल्या वजनाच्या विरुद्ध, आणून थांबवायचा. म्हणजे दात्यांतली ढिलाई मध्ये येत नाही. फोकस बरोबर आहे हे तारा 'लहान' दिसण्यावरून ठरवू नका, वलय बारीक आणि अखंड दिसण्यावरून ठरवा. हवा हलत असेल तर दर काही मिनिटांनी पुन्हा तपासा.

आता प्रत्यक्ष जोड्या. थेट अवघड ताऱ्यावर जाऊ नये. पुनर्वसूतला कॅस्टर (१.९ आणि ३.० प्रत, अंतर ५ विकलांच्या पुढे) ९० पटीला दोन हेडलाइटसारखा सुटा दिसतो. सिंहेच्या आयाळीतला अल्जीबा (२.४ आणि ३.६, ४.७ विकला) जरा घट्ट, दोन्ही पिवळसर. या दोघांवर फोकस आणि हवा यांचा अंदाज घ्यायचा.

इथे जुन्या याद्यांबद्दल एक इशारा. कॅस्टरचे दोन तारे एकमेकांभोवती साडेचारशे वर्षांच्या आसपास फिरतात आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यात १.८ विकलाच अंतर होतं. त्या काळच्या यादीत तो 'अवघड' गणलेला आढळेल. कन्येतल्या पोरिमाचं याहून गमतीदार आहे. तिचा आवर्तकाल १६९ वर्षांचा. २००५ मध्ये दोन्ही तारे एकमेकांपासून ०.४ विकलांवर आले होते, कोणत्याही लहान दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर. आता ते ३ विकलांच्या पुढे गेले आहेत आणि ८० मिमीला सुंदर दिसतात: दोन्ही ३.५ प्रतीचे, जवळजवळ उत्तर-दक्षिण रेषेत, डोळ्यांसारखे. म्हणून आकडा घेताना त्यापुढचं मोजणीचं वर्ष पाहायचं. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेकडून ठेवल्या जाणाऱ्या वॉशिंग्टन जोडतारा सूचीत शेवटच्या मोजणीचं वर्ष प्रत्येक नोंदीत असतं.

त्यानंतर अभिजितजवळचा एप्सिलॉन लायरी. ३६ पटीला दोन तारे, १८० पटीला त्या प्रत्येकाचे दोन. दोन्ही जोड्यांतलं अंतर सव्वादोन विकलांच्या आगेमागे, म्हणजे ८० मिमीच्या पहिल्या वलयावरच; पण तारे जवळपास तुल्यबळ असल्याने वलय आड येत नाही, चकत्यांमध्ये काळी फट स्पष्ट दिसते. माझ्या मते या तारकाचतुष्टयाचा खरा उपयोग वेगळाच आहे. दोन्ही जोड्या एकमेकींना जवळजवळ काटकोनात आहेत आणि एकाच दृश्यात मावतात. एक जोडी लख्ख फुटते आणि दुसरी चिकटलेली राहते, असं दिसलं तर दुर्बिणीत किंवा डोळ्यात एका दिशेचा ताण आहे. दोनपैकी एका जोडीत तारे सुमारे एका प्रतीने असमान आहेत, तेवढी सूट मात्र द्यायची.

असमान जोड्यांचा खेळ निराळा. भूतपातला इझार (२.६ आणि ४.८ प्रत, २.९ विकला) ८० मिमीला पहिल्या वलयाच्या लगेच बाहेर पडतो. शांत हवेत नारिंगी चकती, तिचं वलय, आणि वलयाला बाहेरून टेकलेला निळसर दाणा. मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी पूर्वेकडचा अल्निटाक (१.९ आणि ३.७, अंतर २.३च्या जवळ) तर बरोबर वलयावर बसतो. सहचर मुख्य ताऱ्याच्या पाचव्या हिश्शाइतका तेजस्वी असल्याने तो वलयात ओवलेल्या मण्यासारखा दिसतो. मृगातलाच ईटा ओरायनिस (३.६ आणि ४.९, १.८ विकला) चकती आणि वलय यांच्यामधल्या काळ्या पट्टीत येतो. तिथे तो सुटा नसतो, मुख्य चकतीला फुटलेला कोंब वाटतो. हा ज्या रात्री दिसला ती रात्र चांगली, असं आमचं मोजमाप.

हंसाच्या पंखातला डेल्टा सिग्नी हा खरा परीक्षक. २.९ आणि ६.३ प्रत, अंतर २.८च्या जवळ. सहचराचा उजेड मुख्य ताऱ्याच्या तेविसाव्या हिश्शाइतका. पहिल्या वलयाचा सर्वांत उजळ भाग मध्याच्या साधारण सत्तावन्नाव्या हिश्शाइतका असतो. म्हणजे हिशेबाने सहचर वलयापेक्षा दुपटीहून उजळ आहे आणि वलयाच्या बाहेरच्या उतारावर आहे, दिसायला हवा. पण हवा जरा ढवळली की वलय तुटतं आणि त्याचे तुकडे गोळा होऊन मणी बनतात. प्रत्येक मणी सहचराइतका. मग खरा कोणता?

ओळखायच्या खुणा आहेत. हवेने केलेला मणी जागा बदलतो, क्षणात डावीकडे, क्षणात खाली. खरा सहचर तिथेच राहतो. तो विझतो आणि पुन्हा त्याच जागी उगवतो. मंद सहचराला स्वतःचं वलय दिसत नाही आणि त्याची चकतीही मुख्य ताऱ्याच्या चकतीपेक्षा लहान, टाचणीच्या टोकासारखी भासते. मी किमान तीन वेळा, मध्ये डोळा काढून, त्याच जागी दिसला तरच 'दिसला' लिहितो.

त्याहून पक्की कसोटी स्थितिकोनाची, म्हणजे मुख्य ताऱ्यापासून सहचर कोणत्या दिशेला आहे ते सांगणाऱ्या कोनाची. सूचीतला कोन आधी वाचायचाच नाही. वाचला की डोळा तिथे सहचर तयार करतो, हे कितीही अनुभवी माणसाला चुकत नाही. वहीत एक गोल काढायचा, मोटर बंद करायची; तारा ज्या बाजूने दृश्याबाहेर जातो ती पश्चिम. नळी ध्रुवताऱ्याच्या दिशेने किंचित ढकलली की दृश्यात नवा भाग ज्या कडेतून आत येतो ती उत्तर. स्थितिकोन उत्तरेकडून पूर्वेकडे मोजतात. सरळ नळीत किंवा न्यूटनच्या दुर्बिणीत हा कोन घड्याळाच्या उलट फिरतो. ९० अंशांच्या डायगोनलमधून आरशातली प्रतिमा दिसते, म्हणून घड्याळाच्या दिशेने. निम्म्या चुका इथेच होतात. अंदाज लिहून झाला की मगच सूची उघडायची. २०-२५ अंशांच्या आत जुळला तर सहचर खरा. ९० अंशांनी हुकला तर आपण वलयाचा तुकडा पाहिला. १८० अंशांचा फरक पोरिमासारख्या समान जोडीत माफ; तिथे कोण मुख्य आणि कोण सहचर हे डोळ्याला कळतच नाही. अंतराचा अंदाज वलयाच्या त्रिज्येशी ताडून घ्यायचा: सहचर वलयाच्या आत, वर, की दीडपट लांब? ८० मिमीला दीडपट म्हणजे साडेतीन विकला. सूक्ष्ममापी यंत्राविना याहून बरी मोजणी होत नाही, आणि सरावाने ती अर्ध्या विकलेपर्यंत बरोबर येते.

मर्यादेच्या खाली गेलं की तारा फुटत नाही, लांबट होतो. कर्केतल्या झीटा कॅन्क्रीचं जवळचं जोडपं (५.३ आणि ६.२ प्रत, १.१ विकला) ८० मिमीला सुटं होणार नाही, तिसरा तारा सुमारे ६ विकलांवर आहे, तो सहज दिसतो. पण २२५ पटीला शांत हवेत जवळचं जोडपं अंड्यासारखं दिसतं आणि शेजारचा तिसरा तारा गोल. ही तुलना सोन्यासारखी, कारण लांबटपणा दुर्बिणीचा असता तर तिसराही लांबट दिसला असता. असा शेजारी नसेल तेव्हा लांबटपणा कोणाचा ते शोधावं लागतं. डोकं तिरकं करा: अंडं डोक्याबरोबर फिरलं तर दोष डोळ्याचा. नेत्रिका तिच्या जागेतच फिरवा: बरोबर फिरलं तर नेत्रिकेचा. फोकस किंचित आत आणि किंचित बाहेर न्या: लांबट दिशा काटकोनात पलटली तर भिंगाचा किंवा डायगोनलचा. तारा खाली असेल आणि अंडं उभंच असेल, एका टोकाला लालसर आणि दुसऱ्याला निळसर, तर हवेचा. या सगळ्यांतून जे जागचं हलत नाही ते ताऱ्याचं. टप्प्यांना आम्ही शब्द ठरवून घेतले आहेत: लांबट, खाच पडलेला, चिकटलेला, फुटलेला. 'फुटला' हा शब्द मध्ये काळी रेष दिसल्याशिवाय वापरायचा नाही.

तेजात फार फरक असलेल्या जोड्यांत झळाळी कमी करणं हेच काम. मृगातल्या राजन्याचा सहचर (मुख्य तारा ०.१, सहचर ६.८) ९.५ विकलांवर, वलयांपासून पुष्कळ लांब आहे. स्थिर हवेत ९० ते १८० पटीला सापडतो. ज्येष्ठेचा मात्र ८० मिमीला जवळजवळ अशक्य. अंतर अडीच विकलांच्या किंचित पुढे, आणि सहचराचं तेज मुख्य ताऱ्याच्या साधारण पन्नासाव्या हिश्शाच्या घरात, म्हणजे पहिल्या वलयाच्याच तेजाचा दाणा त्याच वलयाच्या बाहेरच्या अंगाला. १५० मिमीला पहिलं वलय १.२ विकलांवर आक्रसतं, सहचर मंद अशा बाहेरच्या वलयांत जातो आणि दिसू शकतो. पूर्ण अंधारापेक्षा उजेड असलेल्या संधिप्रकाशात प्रयत्न करावा, झळाळी निवते. हा सहचर १८१९ मध्ये योहान बुर्ग याला दिसला तोही मोठ्या दुर्बिणीच्या बळावर नव्हे: चंद्राच्या पिधानानंतर, म्हणजे चंद्राने ताऱ्याला झाकल्यानंतर, मुख्य तारा बाहेर यायच्या काही क्षण आधी तो एकटाच चमकला.

ज्यांना कात्री-पुठ्ठ्याचं काम आवडतं त्यांच्यासाठी षटकोनी झाकण. काळ्या पुठ्ठ्यातून ४० मिमी बाजूचा षटकोन कापला की तो ८० मिमीच्या गोलात नेमका बसतो आणि ८३ टक्के प्रकाश आत सोडतो. वलयांतला उजेड सहा किरणांत गोळा होतो आणि किरणांच्या मधे काळे कोपरे तयार होतात. झाकण हळूहळू ३० अंशांपर्यंत फिरवत जायचं. सहचर काळ्या कोपऱ्यात आला की उठून दिसतो. डेल्टा सिग्नीसारख्या जोड्यांना याचा फायदा होतो. समान तेजाच्या अगदी जवळच्या जोड्यांवर हे लावू नये, कारण व्यास एका दिशेत ६९ मिमीवर येतो आणि फोडण्याची क्षमताच घटते.

आरशाच्या दुर्बिणी वापरणाऱ्यांना एक गोष्ट वेगळी भोगावी लागते. मधल्या दुय्यम आरशाने व्यासाचा तिसरा हिस्सा अडवला असेल तर मधल्या चकतीतला प्रकाश ८४ टक्क्यांवरून ६५च्या आसपास येतो आणि उरलेला वलयांत जातो. असमान जोड्यांत हे महाग पडतं. समान जोड्यांत मात्र चकती किंचित लहान होत असल्याने थोडा फायदाच. दुय्यम आरसा धरणाऱ्या पट्ट्यांचे चार किरण सहचरावर पडत असतील तर नळी तिच्या कड्यांत ३०-४० अंशांनी फिरवून घ्यावी.

नोंदीत तारीख-वेळ, व्यास, वर्धन, ताऱ्याची उंची, हवेचा दर्जा (मी पिकरिंगची १ ते १० मोजपट्टी वापरतो, ६च्या खाली असमान जोडीला हात लावत नाही), वलय अखंड होतं की तुटक, टप्प्याचा शब्द, अंदाजी कोन, अंदाजी अंतर, आणि हे सगळं लिहून झाल्यावर सूचीतले आकडे, वेगळ्या शाईने. 'दिसला नाही' हीही पूर्ण नोंद, वलय कसं होतं ते त्यात लिहिलं असेल तर. वलय तुटक असताना डेल्टा सिग्नी दिसला नाही, यातून काहीच कळत नाही. वलय अखंड असताना दिसला नाही तर दुसऱ्या रात्री आधी भिंगाची तपासणी, मग षटकोन, आणि तरीही नाहीच तर १०० मिमीची दुर्बीण कोणाकडे आहे ते पाहायचं.